तिकीट, प्रेक्षक आणि स्टेडियम : चौथीच्या वर्गातलं एक गणित



गुणाकार-भागाकार शिकवताना आपण वह्या, पेन आणि आंबेच मोजत राहतो. या वेळी मी स्टेडियम घेतलं. आमच्या पोखर्णीच्या मुलांनी वानखेडे टीव्हीवर पाहिलेलं असतंच.

आधी गोष्ट सांगितली. मुंबईत १९३७ पासून ब्रेबॉर्न स्टेडियम होतं. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. सामन्यांच्या वेळी बॉम्बे क्रिकेट असोसिएशनच्या वाट्याला किती जागा द्यायच्या, यावरून दोघांचा वाद वाढत गेला. शेवटी असोसिएशनने तिथून एक किलोमीटरच्या आतच स्वतःचं स्टेडियम बांधलं. अध्यक्ष शेषराव वानखेडे यांचं नाव त्याला मिळालं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली, भारत विरुद्ध वेस्ट इंडिज. बघा, वाद खुर्च्यांचा आणि उभं राहिलं अख्खं स्टेडियम!

मग फळ्यावर काल्पनिक आकडे लिहिले. आपलं मैदान २०० जणांचं.

तिकीट २० रुपये : २०० जण आले, जमा ४,००० रुपये.
तिकीट ४० रुपये : १२० जण आले, जमा ४,८०० रुपये.
तिकीट ६० रुपये : ५० जण आले, जमा ३,००० रुपये.

मुलांना वाटलं होतं, तिकीट जितकं महाग तितकी कमाई जास्त. तसं होत नाही, हे त्यांनी स्वतःच शोधलं.

पुढचा प्रश्न : मैदान बांधायला ४,८०,००० रुपये लागले, तर पैसे किती सामन्यांत फिटतील? ४,८०० ने भागून सगळे म्हणाले, १००. मी म्हटलं, थांबा. झाडलोट, वीज, पाणी यांचे दर सामन्याला ८०० जातात. मग उरले ४,०००, म्हणजे १२० सामने. शेतीत उत्पन्नातून खर्च वजा करतात, हे मुलं घरी रोज ऐकतात, त्यामुळे समजावावं लागलं नाही.

सगळ्यांनी ४० रुपयांचं तिकीट ठरवलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पण ८० जण भाईरच राहिले की!"

वर्ग गप्प. जत्रेतल्या कुस्त्या फुकट बघणाऱ्या लेकराचा तो प्रश्न होता. मग मुलांनीच तोड काढली : १०० खुर्च्या ४० रुपयांच्या, १०० जागा १० रुपयांच्या. सगळ्या भरल्या तर जमा ५,००० रुपये, आणि बाहेर कुणीच नाही.

पालकहो, हे गणित घरी जरूर करून बघा. आकडे तुमचे घ्या. फक्त उत्तर आलं की एक विचारा : बाहेर कोण राहिलं?