घोडी गाभडली? विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे प्रयोगशाळेत असं मोजतात

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात राज्याराज्यांतून घोडे येतात. शेजारी-शेजारी बांधले जातात, विकले जातात आणि नव्या गावी जातात. अशा गर्दीत घोड्याचा हर्पिस विषाणू (ईएचव्ही-१) एका जनावराकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

तरण्या घोड्याला त्याने ताप येतो, नाक गळतं. गाभण घोडी मात्र वरून धडधाकट दिसते आणि शेवटच्या चार महिन्यांत अचानक गाभडते. अकरा महिन्यांची वाट बघणं वाया जातं. एकदा लागण झाली की हा विषाणू जनावराच्या अंगात जन्मभर लपून राहतो.

पीसीआर असताना दुसरी तपासणी कशाला?

कोरोनामुळे पीसीआर तपासणी गावोगावी माहीत झाली. ती विषाणूचा अंश शोधते. पण मेलेल्या विषाणूचा अंशही तिला सापडतो. विषाणू अजून लागण करू शकतो का, हे तिच्यातून कळत नाही.

शेतकऱ्याला हा फरक नवा नाही. पोत्यात सोयाबीनचे दाणे किती आहेत हे एक, आणि त्यातले उगवतील किती हे दुसरं. म्हणून पेरणीआधी ओल्या गोणपाटात 100 दाणे ठेवून उगवण तपासतात. विषाणूचीही अशीच 'उगवण' तपासतात, फक्त गोणपाटाच्या जागी जिवंत पेशी असतात.

मोजणी कशी होते?

प्लास्टिकच्या छोट्या वाट्यांच्या तळाशी पेशींचा एकसंध थर वाढवतात. ईएचव्ही-१ साठी सशाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या पेशी वापरतात. नमुना दहापट पातळ, मग आणखी दहापट, असा पातळ करत जातात. प्रत्येक पातळीचा थोडा नमुना वेगळ्या वाटीत टाकतात. वरून जेलीसारखा थर देतात, म्हणजे विषाणू लांब पसरत नाही, शेजारच्याच पेशी मारतो.

काही दिवसांनी जांभळा रंग टाकतात. जिवंत पेशी रंग धरतात. जिथे पेशी मेल्या तिथे पांढरा ठिपका दिसतो. एक ठिपका म्हणजे सुरुवातीचा एक लागण करणारा विषाणू, असा हिशेब. समजा, 10,000 पट पातळ केलेल्या नमुन्याचा 0.1 मिली टाकला आणि 30 ठिपके आले. मग मूळ नमुन्याच्या एका मिलीत असे 30 लाख विषाणू होते.

प्राण्यांच्या विषाणूंसाठी ही पद्धत रेनाटो डुलबेको यांनी 1952 मध्ये अमेरिकेत दाखवली. त्यांनी वापरलेला विषाणूही घोड्यांच्या मेंदूज्वराचाच होता.

घोडेवाल्याला याचा उपयोग काय?

मारलेल्या विषाणूची लस बनवताना आधी विषाणू किती वाढला हे असं मोजतात. नंतर एकही जिवंत उरला नाही याची खात्री पेशींवरच करतात. कोणतं जंतुनाशक खरंच काम करतं, तेही यातूनच कळतं. हरियाणातील हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र घोड्यांच्या रोगांवर काम करतं आणि ईएचव्ही-१ ची लसही त्याने विकसित केली आहे.

पण नमुना उन्हात राहिला तर विषाणू वाटेतच मरतो. मग पेशींचा थर स्वच्छ दिसतो आणि अहवाल 'विषाणू आढळला नाही' असा येतो. रोग नव्हता, असा त्याचा अर्थ नाही.

घोडी गाभडली तर

- लगेच पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा. पडलेलं शिंगरू आणि वार त्यांनी पाहिल्याशिवाय पुरू नका.
- नमुना डॉक्टरांनाच घेऊ द्या. तो बर्फाच्या डब्यातून लवकरात लवकर जायला हवा.
- उघड्या हाताने काही उचलू नका, हातमोजे घाला. कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका.
- ती घोडी इतर गाभण घोड्यांपासून वेगळी बांधा. पाण्याची बादली, खरारा वेगळा ठेवा.
- जागेवरची घाण आधी काढा, साबणाने धुवा, मग जंतुनाशक मारा.
- बाजारातून आणलेला घोडा तीन आठवडे तरी वेगळा ठेवा.
- गाभण घोडीच्या लसीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.