समाईक पाकीट

बेंगळुरूच्या आम्हां चौघा मित्रांचा व्हिएतनामचा बेत दोन वर्षे रखडला होता. एकावर घरकर्जाचे हप्ते होते आणि संकोचाने तो बोलत नव्हता. अखेर ठरले, खर्चाची मर्यादा त्याने सांगावी व सर्वांनी ती पाळावी. चौघांनी आवर्ती ठेवीत दरमहा सारखीच रक्कम भरली. ई-व्हिसा घरबसल्या, २५ डॉलरमध्ये मिळाला.

तेथे समाईक पाकीट एकाकडेच असे. २० हजार आणि ५ लाख डाँगच्या नोटा दोन्ही निळसर. पहिल्याच संध्याकाळी घोटाळा होता होता टळला. मग मोठ्या नोटा वेगळ्या ठेवल्या. कार्डयंत्राने रुपयांचा पर्याय दिला, तरी डाँगमध्येच पैसे चुकते केले. रूपांतराचा जादा भार वाचला.

होई आनला साध्या निवासात उतरून ‘मि सन’ येथील चाम राजांची शिवमंदिरे पाहिली. २०२० साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला तेथे ९व्या शतकातील अखंड शिवलिंग सापडले. विटांच्या त्या भग्न गाभाऱ्यांपुढे आम्ही निःशब्द उभे राहिलो.

परतल्यावर हिशेब मांडला. थोडी रक्कम उरली होती आणि कोणी कोणाचे देणे लागत नव्हते. ‘पुढच्या वर्षी कोठे?’ हे प्रथम त्याच मित्राने विचारले. प्रवासाची खरी शिल्लक तीच!