तिथि-काल पदच्छेद, संगणकीय

तारीख व वेळ दर्शविणाऱ्या अक्षरमालेतून वर्ष, महिना, दिवस, तास इ. घटक अलग करून त्यांचे गणनायोग्य मूल्यात रूपांतर करण्याची क्रिया. लक्षावधी ओळींच्या नोंदी वाचताना संगणकाचा [→ संगणक] बराच वेळ हिच्यातच खर्ची पडू शकतो. येथे पायथॉन या स्क्रिप्ट भाषेच्या आधारे तिचे विवेचन केले आहे.

पायथॉनमधील ‘स्ट्रपटाइम’ हे फलन दिलेल्या नमुन्यावरून रेग्युलर एक्स्प्रेशन रचते व अक्षरमाला तिच्याशी ताडून पाहते. रचलेली एक्स्प्रेशन साठवून ठेवली जात असली, तरी ताडणी व घटकांची छाननी प्रत्येक ओळीस नव्याने करावी लागते. त्यामुळे हे फलन मंद ठरते. ‘फ्रॉमआयसोफॉर्मॅट’ (आवृत्ती ३.७, २०१८) हे सी भाषेत लिहिलेले असून ते ठराविक स्थानांवरील अंक थेट वाचते, साहजिकच ते कितीतरी वेगवान आहे. आरंभी त्याचा आवाका मर्यादित होता. आवृत्ती ३.११ (२०२२) पासून मात्र आयएसओ ८६०१ या मानकातील (१९८८) बहुतेक रूपे, अंती ‘झेड’ अक्षर असलेली धरून, ते स्वीकारते. रूप मानक नसले, पण घटकांची स्थाने निश्चित असली, तर अक्षरमालेचे तुकडे पाडून त्यांचे पूर्णांक करणे पुरते. कालक्रमाने लावलेल्या नोंदींत एकच तारीख हजारो वेळा येते. तिचे मूल्य एकदा काढून कोशरचनेत ठेवल्यास पुनरुक्ती टळते.

नमुना न देता रूपाचा तर्क करणारी ‘डेटयूटिल’ सारखी साधने सोयीची, परंतु मंद असतात. आणि मंदपणा हा त्यांचा लहान दोष होय. ‘०३/०४/२०२१’ म्हणजे भारतात ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च. डेटयूटिल महिना प्रथम धरते. पण तो अंक १२ हून मोठा असल्यास क्रम आपणच उलटते. परिणामी एकाच फाइलीत ‘१२/०४’ ही ४ डिसेंबर व ‘१३/०४’ ही १३ एप्रिल ठरते, आणि दोषाची सूचना कोठेही मिळत नाही. नमुना स्पष्ट दिल्यास हा धोका उरत नाही.

वर्ष न दिल्यास डेटटाइममधील स्ट्रपटाइम १९०० हे वर्ष गृहीत धरते. ते लीप वर्ष नसल्याने केवळ ‘२९ फेब्रुवारी’ ही अक्षरमाला अमान्य होते. द्विअंकी वर्षांपैकी ६९ ते ९९ ही विसाव्या शतकातील व ०० ते ६८ ही एकविसाव्या शतकातील मानली जातात. जन्मतारखांच्या बाबतीत हा संकेत घातक ठरतो. ग्रिनिचपासूनचे कालांतर (भारतासाठी +०५:३०) अक्षरमालेतच नोंदलेले नसेल, तर कोणताही पदच्छेद ते पुरवू शकत नाही.