द्राक्षांतील औषधांचे अंश कसे शोधतात ?

सन २०१० सालीं महाराष्ट्रांतून युरोपांत गेलेल्या द्राक्षांचे कित्येक कंटेनर तेथें नापसंत ठरले, हें बागायतदार बंधूंस आठवत असेलच. वेलीची वाढ आंवरणारें 'क्लोरमेक्वाट क्लोराइड', म्हणजे आपलें 'सी. सी. सी.', हें त्याचें कारण. त्या वेळची तेथील मर्यादा किलोमागें ०·०५ मिलिग्रॅम. अंश त्याहून अधिक निघाला. माल येथून तपासूनच गेला होता. परंतु तपासावयाच्या यादींत हें द्रव्य नव्हतें. बरें, यादींत नुसतें नांव घालून तरी तें सांपडलें असतें काय ? नाहीं. तें कां, हें समजून घेऊं.

ही तपासणी 'लिक्विड क्रोमॅटोग्राफी'नें होते. तींत एक बारीक पोलादी नळी असते. तिला कॉलम म्हणतात. तींत सिलिकेचे अतिसूक्ष्म कण ठासलेले असतात. द्राक्षांचा अर्क तींत सोडून वरून द्रव वाहवितात. जें द्रव्य कणांस धरून राहतें तें उशिरा, व जें द्रवाबरोबर धांवतें तें लवकर बाहेर पडतें. अशा रीतीनें मिश्रणांतील द्रव्यें वेगळीं होतात व पुढील यंत्र त्यांचें माप घेतें.

नेहमीच्या 'सी-१८' कॉलमांतील कणांवर अठरा कार्बनांच्या सांखळ्यांची तेलकट लव असते. द्रव म्हणून पाणी व मिथेनॉल यांचें मिश्रण घेतात. बहुतेक कीटकनाशकें कमीअधिक तेलकट असल्यानें लवेस धरून राहतात, व मिथेनॉल वाढवीत गेलें कीं एकामागून एक सुटतात. सी. सी. सी. मात्र विद्युद्भारित व पाण्यांत सहज विरघळणारें. तें लवेस न धरतां द्राक्षांतील साखरेबरोबर आरंभींच वाहून जातें, आणि त्या गर्दींत त्याचें माप नीट लागत नाहीं.

त्यासाठीं 'हिलिक' कॉलम घेतात. त्यांतील कणांभोंवतीं पाण्याचा पातळ थर बसतो, त्यांत सी. सी. सी. रेंगाळतें. येथें द्रवांत अॅसिटोनायट्राइल पुष्कळ व पाणी थोडें ठेवितात. पाणी वाढवितांच द्रव्य सुटतें. म्हणजे क्रम अगदीं उलटा. द्रवांत थोडें अमोनियम फॉर्मेटही घालतात. तें उडून जाणारें असतें. फॉस्फेट घातलें तर तें वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रांत सांठून बिघाड करतें.

तात्पर्य, आधीं द्रव्याचा स्वभाव पाहावा, मग कॉलम निवडावा, व त्यास जुळेल असा द्रव ठरवावा. एकच कॉलम सर्व द्रव्यांस पुरत नाहीं.

यांत आपल्या हिताची गोष्ट ही कीं, 'आढळलें नाहीं' हा शेरा जीं द्रव्यें शोधलीं तेवढ्यांपुरताच खरा असतो. प्रस्तुत लेखकाचा जन्म महसुली दप्तरांत गेला. जें खातें उघडलेंच नाहीं, त्याची बाकी वहींत कधींच दिसत नसे. तरी फवारणीची नोंद खरी ठेवावी, आणि नमुना देतांना वापरलेल्या प्रत्येक औषधाचें व संजीवकाचें नांव प्रयोगशाळेस सांगावें. येथें लपलेला अंश परदेशीं उघड होतो, आणि त्याचा फटका निर्दोष शेजाऱ्यासही बसतो.