कीर्द आधी, कर नंतर

नोकरदाराचा प्राप्तिकर पगारातूनच कापला जातो आणि वर्ष संपल्यावर फॉर्म १६ हातात पडतो. शिंपी, केटरर, इलेक्ट्रिशियन, फिजिओथेरपिस्ट, अंतर्गत सजावटकार यांचा हिशेब मात्र दुसरे कोणी ठेवत नाही. त्यांच्या खात्यात जमा होणाऱ्या रकमेत मालाचा खर्च असतो, न केलेल्या कामाची आगाऊ रक्कम असते, जीएसटी नोंदणी असेल तर सरकारचा पैसा असतो आणि पुढे भरायचा प्राप्तिकरही असतो. जमा म्हणजे उत्पन्न नव्हे, हे ध्यानात न आल्याने अनेकांची मार्च महिन्यात ओढाताण होते. ती टाळण्याचा उपाय साधा आहे: व्यवसायासाठी वेगळे बँक खाते आणि रोजच्या रोज नोंद.

नोंदीची जुनी रीत आजही पुरेशी आहे. रोजकीर्दीत त्या दिवशीची जमा आणि नावे तारीखवार लिहायची. खतावणीत त्याच नोंदी ग्राहक, पुरवठादार, भाडे, वीज अशा खात्यांखाली उतरवायच्या. वही, एक्सेल किंवा टॅली यांपैकी काहीही चालते. प्रत्येक नोंदीमागे कागद हवा: दिलेल्या बिलाची स्थळप्रत, खर्चाची मूळ पावती, बँकेचे विवरण. बिलांना सलग क्रमांक असावेत, कारण मधला क्रमांक गायब असला की तपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. अनेक घरांत वह्यांचे पूजन दिवाळीत होते, पण कराचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते. घरातल्या एका खोलीतून काम चालत असेल, तर भाडे आणि विजेचा तेवढाच हिस्सा खर्चात धरावा आणि तो कसा काढला हेही लिहून ठेवावे. संगणकाची किंमत एका वर्षात खर्ची टाकता येत नाही; त्यावर ४० टक्के दराने घसारा मिळतो, फर्निचरवर १० टक्के. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर एरवी तो खर्च करासाठी धरला जात नाही. मजुरी आणि माल रोखीने देणाऱ्या कारागिरांना हा नियम फार उशिरा कळतो, तेव्हा पैसे गेलेले असतात आणि वजावटही.

सगळा हिशेब तपशिलाने मांडणे लहान व्यावसायिकाला जड जाते, म्हणून कायद्यात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. १ एप्रिल २०२६पासून १९६१च्या कायद्याची जागा २०२५च्या प्राप्तिकर कायद्याने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, तरी ही सोय कायम राहिली. सीएच्या कार्यालयात ती ‘४४ एडी’ आणि ‘४४ एडीए’ या जुन्या नावांनीच ओळखली जाते. व्यापार-धंद्यासाठी उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँक किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के उत्पन्न धरले जाते. उलाढालीची मर्यादा २ कोटी असून रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, अभियंता, अंतर्गत सजावटकार अशा ठरावीक व्यवसायांसाठी जमा फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानतात. तिथे मर्यादा ५० लाख, आणि रोखीची तीच अट पाळल्यास ७५ लाख.

समजा, नाशिकच्या एका अंतर्गत सजावटकाराला वर्षभरात कंपन्यांकडून १८ लाख रुपये फी मिळाली. तिचे करपात्र उत्पन्न ९ लाख धरले जाईल. दुसरे उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर मिळणाऱ्या सवलतीमुळे कर शून्य होतो. मात्र कंपन्यांनी फीतून १० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार रुपये, टीडीएस म्हणून आधीच कापलेले असतात. विवरणपत्र भरले तरच ते परत मिळतात. ‘कर बसत नाही’ म्हणून विवरणपत्र न भरणारी माणसे स्वतःच्या कष्टाचे पैसे सोडून देतात. विवरणपत्रापूर्वी आपली कीर्द फॉर्म २६ एएस आणि वार्षिक माहिती विवरणाशी ताडून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे: कापलेला टीडीएस आपल्या पॅनवर जमा झालाच नसेल, तर ते तिथेच दिसते.

अनुमानित पद्धत घेतली म्हणून वही बंद करणे शहाणपणाचे नाही. मर्यादा ओलांडली का, रोखीचा वाटा किती, हे नोंदीशिवाय सांगता येत नाही. कर्ज मागायला गेल्यावर बँकही हिशेबच मागते.

टीडीएस वजा जाऊन १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर उरणार असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. अनुमानित पद्धतीत १५ मार्चचा एकच हप्ता असतो. चुकल्यास दरमहा १ टक्का व्याज लागते. प्रत्येक जमा रकमेतला ठरावीक हिस्सा लगेच वेगळ्या खात्यात टाकणारा माणूस या तारखांना घाबरत नाही.

प्राप्तिकराखेरीज महाराष्ट्रात व्यवसाय कर आहे. १९७५च्या राज्य कायद्यानुसार नोंदणी करून तो वर्षाला २,५०० रुपये भरायचा असतो. जीएसटी नोंदणी सेवांसाठी २० लाख आणि राज्यात केवळ माल विकणाऱ्यांसाठी ४० लाखांच्या उलाढालीनंतर सक्तीची होते. परराज्यात माल विकणाऱ्याला मात्र ही ४० लाखांची सूट नाही.

नोंदींचा एक उपयोग कराच्या पलीकडचा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे बिल खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत चुकते करायचे असते. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज देय होते. पण काम कधी पोचते झाले आणि बिल कधी दिले, हे कागदावर दाखवता आले तरच हा हक्क बजावता येतो. मोठ्या कंपनीपुढे एकट्या कारागिराच्या हातात याखेरीज फारसे काही नसते.

जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. प्राप्तिकराचे कागदही सात-आठ वर्षे ठेवणे सुरक्षित. थर्मल कागदावरच्या पावत्या त्याआधीच कोऱ्या होतात, म्हणून त्यांचा फोटो त्याच दिवशी काढून महिनावार फोल्डरमध्ये ठेवावा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीही असावी.