आतड्याच्या सुजेवरील प्रेडनिसोलोनची गोळी : घेताना आणि सोडताना



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खोडवा, पाणीपाळी यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे, पण जिवाशी गाठ असलेला आहे. आपल्या एका सभासदाचे मेहुणे पेठ तालुक्यात राहतात. चार महिने त्यांना रक्त-आवेची हगवण होती. डॉक्टरांनी तपासून प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांत रक्त थांबले. दीड महिन्याने "आता बरं वाटतंय, कशाला गोळ्या?" म्हणून त्यांनी एकाएकी सगळ्या बंद केल्या. चार दिवसांत उलट्या, घेरी, उठवेना. भर पावसात घाट उतरून पन्नासपेक्षा जास्त किलोमीटर नाशिकला आणावे लागले. सुदैवाने माणूस वाचला. औषध वाईट नव्हते, सोडण्याची रीत चुकली होती. ती रीत सर्वांना कळावी म्हणून हा लेख.

रोग कोणता?

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन जखमा होतात, त्यास डॉक्टर 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' म्हणतात. वारंवार शौच, रक्त-शेम, पोटात कळ आणि अशक्तपणा ही लक्षणे. हा रोग संसर्गाने होत नाही. शरीराचीच संरक्षण-यंत्रणा आतड्यावर उलटते. मधे मधे बरे वाटते आणि पुन्हा उठाव होतो. हा साहेबांचा रोग आहे असे कोणी समजू नये. पंजाबात लुधियाना भागात झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाख माणसांमागे सुमारे ४४ रुग्ण आढळले.

गोळी काय करते?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर एकेक लहान ग्रंथी असते. ती रोज एक रस तयार करते. ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा ताणात हाच रस शरीराला तगवतो. प्रेडनिसोलोन हे त्याच रसाच्या जातीचे औषध आहे आणि ते सूज झपाट्याने उतरवते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ साली २१० रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. याच जातीचे कॉर्टिसोन घेतलेल्यांपैकी १०० मागे सुमारे ४१ जणांचा उठाव पूर्ण शमला. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत १६ जणांचा. म्हणजे औषध गुणकारी आहे यात शंका नाही.

आधी तपासणी, मग गोळी

आपल्याकडे रक्ताची हगवण म्हटली की आधी अमिबाची आव, जंत आणि आतड्याचा क्षय यांचा संशय घ्यावा लागतो. अमिबाची आव असताना ही गोळी पोटात गेली तर आतड्याला भोक पडून माणूस दगावू शकतो. दबलेला क्षयही उसळतो. भाताच्या खाचरात, उसाच्या सरीत अनवाणी राबणाऱ्यांच्या पायांतून शिरणारा एक बारीक जंत असतो. या औषधाने तोही बेसुमार वाढतो. म्हणून शौचाची तपासणी, छातीचा फोटो, रक्तातील साखर आणि रक्तदाब पाहिल्याखेरीज औषध सुरू करू नये. दुर्बिणीची तपासणी सांगितली तर टाळू नये. घरात कोणाला क्षय झाला असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

एकाएकी का सोडू नये?

बाहेरून मजुरांची टोळी आली की घरचा गडी बसून राहतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ गोळी चालली की ग्रंथीचेही तसेच होते. ती काम थांबवते. टोळी एका रात्रीत निघून गेली तर शेत उघडे पडते, कारण गड्याची सवय मोडलेली असते. म्हणून टोळी थोडी थोडी कमी करायची, तोवर गडी कामाला लागतो.

बहुधा रोज ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि गुण आल्यावर दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम कमी करतात. म्हणजे ४०, ३५, ३० असे उतरत सुमारे आठ आठवडे. प्रत्येकाचे प्रमाण त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. शेजाऱ्याचा कागद पाहून नव्हे. गोळ्या ५, १०, २० अशा वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, तेव्हा पाकिटावरचा आकडा वाचून घ्या. कोणत्या तारखेपासून किती घ्यायच्या, ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. पावसाळ्यात घाटाचा रस्ता बंद पडण्याची भीती असेल तर आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असू द्या.

घेताना पाळावयाच्या गोष्टी

१) दिवसाची गोळी सकाळी न्याहारीनंतर एकदम घ्यावी. रात्री घेतल्यास झोप उडते.

२) अंगदुखीच्या गोळ्या सोबत घेऊ नयेत. पोटात व्रण होतो आणि कोलायटिसही चाळवतो.

३) साखर वाढते. साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखर कमी खा म्हणून लिहिणे आम्हांला जड जाते, पण मधुमेह असलेल्यांनी वारंवार तपासणी करावी. मीठही बेताने.

४) हाडे ठिसूळ होतात. डॉक्टर कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व देतात ते चुकवू नये. पेठच्या नागलीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. भाकरी पचत नसेल तर पातळ आंबील घ्यावी.

५) चेहरा सुजल्यासारखा गोल होणे, भूक वाढणे, चिडचिड होणे हे दिसेल. बहुतेक मात्रा उतरली की ओसरते. घाबरून गोळी सोडू नका.

६) ताप, अपघात वा शस्त्रक्रियेच्या वेळी 'मी ही गोळी घेतो' हे आधी सांगा. तेव्हा मात्रा वाढवावी लागते.

दवाखाना केव्हा गाठावा?

दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे शौच आणि सोबत ताप किंवा जलद नाडी, पोट फुगून टणक होणे, उलटीत गोळी टिकत नसणे, काळे शौच. यांपैकी काहीही झाले तर ते रात्री झाले म्हणून सकाळची वाट पाहू नका.

ही कायमची गोळी नव्हे

उठाव शमवणे एवढेच हिचे काम. तो परत येऊ नये म्हणून मेसालामाइनसारखी वेगळी औषधे असतात; ती बरे वाटत असतानाही चालू ठेवायची. मात्रा उतरवताच त्रास परत येत असेल किंवा वर्षात दोनदा ही गोळी लागत असेल, तर पोटविकाराच्या डॉक्टरांना दाखवून पुढचे औषध विचारा. जुना कागद दाखवून दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका. झटपट गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही कधी कधी हेच औषध मिसळलेले असते.

पेठ, सुरगाण्याकडून तोडणीला आणि द्राक्षबागेत येणारी माणसे शौचातून रक्त पडते हे लाजेने सांगत नाहीत. आपल्या फडावर, बागेत असे कोणी असेल तर त्याच्या हाती ही माहिती पोहोचवावी, वाचता येत नसेल तर वाचून दाखवावी, एवढीच आमची सर्व सभासदांना विनंती आहे.