वाळूचा नकाशा

घर बांधायला काढले की वाळू ब्रासवर मिळते, हे प्रत्येकाला कळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रकमध्ये किती ब्रास भरली, भाव काय, यावर घासाघीस होते; ती कुठल्या नदीतून आली, हे सहसा कुणी विचारत नाही. मला वाटते, तो प्रश्न आधी विचारायला हवा.

सह्याद्रीचा काळा कातळ झिजला की त्याची बरीचशी मातीच होते. विदर्भात कन्हान, वैनगंगेच्या खोऱ्यात ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत. तिथली वाळू गारगोटीची, टणक. म्हणजे वाळू सगळीकडे सारखी नाही आणि अमर्यादही नाही. पुरासोबत नवी भर येते खरी, पण वर धरण झाले की त्यातली बरीच तिथेच अडते.

शिवाय पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पुरवते. बेसुमार उपसा झाला की पात्र खोल जाते, विहिरी आटतात, पुलांचे पाये उघडे पडतात. घर एकाचे उभे राहते, पाणी दुसऱ्याचे जाते.

यावर उपाय म्हणजे आधी नकाशा, मग लिलाव. इंग्लंडमध्ये वाळू-खडीच्या साठ्यांवर जागोजागी भोके पाडून १:२५,००० प्रमाणाचे नकाशे केले गेले. साठा कुठे आहे हे ठाऊक असले, तर त्यावर वसाहत उठण्याआधी तो काढता येतो आणि उरलेल्या खड्ड्याचाही विचार करता येतो. तिथले कॉट्सवोल्ड वॉटर पार्क म्हणजे खडीच्या अशाच खाणींची झालेली तळी.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार खटल्यात ५ हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. पुढे २०१६ साली केंद्राने जिल्हा सर्वेक्षण अहवाल आवश्यक ठरवला. वाळू कुठे साठते, दरवर्षी किती भर पडते, कुठे हात लावायचा नाही, हे त्यात यायला हवे.

या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो. नदीकाठी राहणाऱ्याने तो जरूर पाहावा. आपली विहीर, आपला पूल, आपला पाणवठा त्यात दाखवला आहे का, हे त्याच्याइतके नेमके दुसरे कोण सांगणार? कागदावर जे दिसत नाही, ते लिलावाच्या दिवशी कुणालाच दिसत नाही.